एका इंग्रजी शब्दाशी पक्की ओळख कशी करावी: 'अ‍ॅड्रेस' शिकता शिकता

इंग्रजी शब्दांची वही बहुतेकांनी कधी ना कधी केलेली असते. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी अर्थ. अशा वहीत 'अ‍ॅड्रेस'पुढे 'पत्ता' लिहिलेलं असतं आणि हा शब्द आपल्याला येतो अशी आपली खात्री असते. मग बातमीत वाक्य भेटतं, 'शी अ‍ॅड्रेस्ट द नेशन.' ईमेलमध्ये येतं, 'युवर कन्सर्न हॅज बीन अ‍ॅड्रेस्ट.' परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर असतं, 'कीनोट अ‍ॅड्रेस.' यांपैकी एकाही ठिकाणी 'पत्ता' बसत नाही.

दोष आपल्या स्मरणशक्तीचा नाही, त्या बरोबरच्या चिन्हाचा आहे. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेतल्या एकाच शब्दाइतका भरतो, असं फार क्वचित होतं. झाडांच्या, धातूंच्या, अवयवांच्या नावांपुरतं ते चिन्ह चालतं. रोजच्या वापरातल्या कामाच्या शब्दांसाठी मात्र वेगळ्या रीतीने अभ्यास करावा लागतो. ती रीत इथे 'अ‍ॅड्रेस' हा एकच शब्द घेऊन शेवटपर्यंत दाखवतो. पद्धत कळली की शब्द तुमच्या आवडीचा घ्या.

आधी वाक्य उतरवा, मग अंदाज करा

नवा शब्द भेटला की हात लगेच कोशाकडे जातो. तो थोडा आवरा. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहा, आणि ते कुठे भेटलं हेही लिहा: बातमी, कचेरीचं पत्र, कथा, मित्राचा निरोप. सुटा शब्द लिहून ठेवला तर आठवड्याने त्याच्याकडे बघून काहीच आठवत नाही. वाक्य असलं की प्रसंगही आठवतो.

मग त्या वाक्याचा अर्थ मराठीत, बोलल्यासारखा लिहा. 'युवर कन्सर्न हॅज बीन अ‍ॅड्रेस्ट' म्हणजे 'तुमच्या तक्रारीचं काहीतरी केलेलं दिसतंय'. एवढा कच्चा अंदाजही पुरतो. इथे दोन गोष्टी आपोआप कळल्या. 'हॅज बीन'नंतर आला, म्हणजे हा शब्द इथे क्रियापद आहे. आणि ज्याला 'अ‍ॅड्रेस' करायचं ती गोष्ट इथे तक्रार किंवा चिंता आहे, घर नव्हे. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. उलट, स्वतः केलेला अंदाज चुकला आणि मग खरा अर्थ सापडला, तर तो जास्त पक्का बसतो.

कोशातली नोंद शेवटपर्यंत वाचा

कोश उघडल्यावर पहिला अर्थ वाचून तो मिटणं ही सर्वांत मोठी चूक. 'अ‍ॅड्रेस'च्या नोंदीत पहिला अर्थ बहुतेक वेळा पत्ता हाच असतो, आणि आपल्याला हवा असलेला अर्थ बराच खाली असतो.

कोश कोणता घ्यावा? इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठी केलेला, इंग्रजीतून इंग्रजी अर्थ देणारा. असे कोश शिक्षकांच्या गरजेतून निघाले. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा असा पहिला कोश 1942 साली जपानमध्येच छापला गेला. शब्दाचा नुसता अर्थ न देता तो वाक्यात कसा चालतो हेही सांगायचं, ही त्यामागची दृष्टी. पुढे 1978 साली लाँगमनच्या कोशाने सगळे अर्थ सुमारे 2000 सोप्या शब्दांत सांगण्याचं बंधन घालून घेतलं. त्यामुळे अर्थ समजून घ्यायला आणखी दहा शब्द शोधावे लागत नाहीत. इंग्रजी-मराठी कोश टाकून देऊ नका, पण तो शेवटी उघडा, आपल्याला कळलेलं पडताळायला.

नोंदीत अर्थापेक्षा बारीक खुणा जास्त मोलाच्या असतात. नामापुढे 'सी' असेल तर ते मोजता येतं: 'अ‍ॅन अ‍ॅड्रेस', 'टू अ‍ॅड्रेसेस'. 'यू' असेल तर मोजता येत नाही. क्रियापदापुढे 'टी' असेल तर ते सकर्मक, म्हणजे त्याला थेट कर्म लागतं. 'अ‍ॅड्रेस' या क्रियापदापुढे 'टी' असतो. या एका अक्षरावर पुढे बरंच काही अवलंबून आहे, म्हणून ते वहीत लाल शाईने लिहा. 'फॉर्मल' अशी खूण दिसली तर तीही.

नोंद वाचून झाली की अर्थ आपल्या शब्दांत मांडा. 'अ‍ॅड्रेस'चे माझ्या हाती लागलेले अर्थ असे: राहण्याचा किंवा टपालाचा पत्ता, इंटरनेटवरचा किंवा संगणकाच्या स्मृतीतला पत्ता, औपचारिक भाषण, पाकिटावर नाव-पत्ता घालणं, सभेपुढे बोलणं, एखादं बोलणं कुणाला उद्देशून करणं, कुणाला अमुक नावाने किंवा पदवीने संबोधणं, आणि एखादा प्रश्न हाती घेऊन त्यावर काम करणं. गोल्फमध्ये तर चेंडू टोलवण्याआधी खेळाडू त्याच्यासमोर नेम धरून उभा राहतो, त्यालाही 'अ‍ॅड्रेसिंग द बॉल' म्हणतात.

आठ अर्थांमागचं एक चित्र शोधा

ही यादी पाठ करायची नाही. आधी विचारायचं: एकाच शब्दाने ही सगळी कामं का घ्यावीत?

उत्तर शब्दाच्या कुळात असतं. 'अ‍ॅड्रेस' इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे तो लॅटिनमधून. 'अ‍ॅड' म्हणजे 'च्याकडे', आणि उरलेला भाग 'डायरेक्टस' म्हणजे 'सरळ' या शब्दातून घडलेला. इंग्रजीतला 'डायरेक्ट' तिथलाच. आपला 'ऋजू', म्हणजे सरळ, हाही फार मागे जाऊन याच धातूच्या घराण्यात मिळतो. तेव्हा 'अ‍ॅड्रेस'चं मूळ चित्र झालं 'सरळ एखाद्याच्या दिशेने वळवणं'.

आता हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून यादी पुन्हा वाचा. पाकिटावर नाव घातलं म्हणजे ते पाकीट कुणाच्या तरी दिशेने वळवलं. भाषण म्हणजे लोकांच्या दिशेने वळवलेले शब्द. 'सर' म्हणून संबोधलं म्हणजे त्या व्यक्तीकडे तोंड करून तिला हाक मारली. प्रश्न 'अ‍ॅड्रेस' केला म्हणजे नजर चुकवली नाही, त्याच्याकडे वळून कामाला लागलो. गोल्फचा खेळाडूही चेंडूकडे वळूनच उभा असतो. पाठांतर आठ गोष्टींचं होतं, ते एका चित्रावर आलं.

मराठीत या चित्राच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'पत्ता' नाही, 'उद्देशून' हा आहे. माझ्या मते 'अ‍ॅड्रेस'च्या पानावर सर्वांत वर हाच शब्द असावा.

याचा एक सुंदर दाखला इतिहासात आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा 'फेअरवेल अ‍ॅड्रेस' 1796 सालचा. अध्यक्षपद सोडताना त्यांनी तो देशबांधवांना उद्देशून लिहिला आणि वर्तमानपत्रात छापला. भाषण म्हणून त्यांनी तो केलाच नाही. तरीही त्याचं नाव 'अ‍ॅड्रेस', कारण तो कुणाला तरी उद्देशून आहे. लांबीचाही इथे संबंध नाही. 19 नोव्हेंबर 1863 रोजी अब्राहम लिंकन गेटिसबर्गला जे बोलले ते तीनशे शब्दांचंही नव्हतं, पण तेही 'अ‍ॅड्रेस'च.

प्रत्येक शब्दाला असं स्वच्छ मूळ सापडेलच असं नाही, आणि काही शब्द मुळापासून फार दूर निघून गेलेले असतात. चित्र दोन-तीन मिनिटांत जुळलं नाही तर सोडून द्या. कपडे या अर्थाचा आणि जखमेच्या मलमपट्टीसाठी वापरला जाणारा 'ड्रेस' हा 'अ‍ॅड्रेस'चा सख्खा नातलग आहे, पण ते नातं कळल्याने 'अ‍ॅड्रेस' वापरता येत नाही. गंमत म्हणून लक्षात राहिलं तर उत्तमच.

शब्दाचा शेजार पाहा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. शब्द कोणाच्या संगतीत वावरतो त्यावरून तो ओळखावा, हा विचार जे. आर. फर्थ या इंग्रज भाषावैज्ञानिकांनी 1957 साली मांडला. शब्द शिकणाऱ्याला याहून उपयोगी सूचना मला माहीत नाही.

संगत शोधायला आज फार मोठी साधनं हाताशी आहेत. 'ब्रिटिश नॅशनल कॉर्पस' हा सुमारे 10 कोटी शब्दांचा संग्रह आहे. अमेरिकन इंग्रजीचा 'कोका' नावाचा संग्रह 100 कोटी शब्दांच्याही वर गेला आहे. पुस्तकं, वर्तमानपत्रं, संभाषणं यांतली खरी वाक्यं त्यात आहेत. शब्द टाकला की तो ज्या ज्या वाक्यांत आला ती वाक्यं एकाखाली एक दिसतात. हे अवघड वाटलं तर अवतरणचिन्हांत 'अ‍ॅड्रेस द' असे दोन-तीन शब्द घालून बातम्यांमध्ये शोधा. वीस वाक्यं वाचलीत तरी संगत दिसू लागते.

'अ‍ॅड्रेस'च्या क्रियापदाभोवती दोन वेगळे घोळके दिसतात. एका घोळक्यात माणसं: 'ऑडियन्स', 'क्राउड', 'रॅली', 'कॉन्फरन्स', 'नेशन', 'कोर्ट'. कर्म माणसांचा समूह असेल तर अर्थ 'पुढे बोलणं'. दुसऱ्या घोळक्यात अडचणी: 'इश्यू', 'प्रॉब्लेम', 'कन्सर्न', 'नीड', 'चॅलेंज', 'इनइक्वॅलिटी'. कर्म अडचण असेल तर अर्थ 'हाती घेऊन काम करणं'. म्हणजे वाक्यातलं कर्म पाहिलं की अर्थ कोणता हे लगेच ठरतं, कोश लागत नाही. हे कळलं त्या दिवशी शब्द निम्मा आपला झाला.

शेजारी क्रियाविशेषणंही टिपा: 'अ‍ॅडिक्वेटली', 'डायरेक्टली', 'प्रॉपर्ली', 'अर्जंटली'. नाम म्हणून भाषणाच्या अर्थी येतो तेव्हा सोबतीला 'गिव्ह' किंवा 'डिलिव्हर' असतं. आपल्याकडे भाषण 'करतात', म्हणून 'डू अ‍ॅन अ‍ॅड्रेस' असं लिहावंसं वाटतं. तिथे सावध राहा.

मराठी कुठे आड येते ते तपासा

आपल्या चुका कुठून येतात? बहुतेक वेळा आपल्याच भाषेच्या व्याकरणातून. त्यामुळे त्या आधीच ओळखता येतात. 'अ‍ॅड्रेस'च्या बाबतीत अशा दोन जागा आहेत.

पहिली 'टू'ची. मराठीत आपण 'सभेला' उद्देशून बोलतो. तो 'ला' मनात असतो, म्हणून हातून 'शी अ‍ॅड्रेस्ट टू द मीटिंग' असं लिहिलं जातं. ते चूक. क्रियापद सकर्मक आहे, 'टी' आठवा. कर्म थेट येतं: 'शी अ‍ॅड्रेस्ट द मीटिंग', 'वी मस्ट अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम'. मग 'टू' दिसतो तो कुठे? तीन ठिकाणी. नामानंतर: 'हर अ‍ॅड्रेस टू द नेशन'. वळवलेली वस्तू वाक्यात असेल तर जिच्याकडे वळवली तिच्या आधी: 'द लेटर वॉज अ‍ॅड्रेस्ट टू मी', 'ही अ‍ॅड्रेस्ट हिज रिमार्क्स टू द चेअर'. आणि 'अ‍ॅड्रेस युवरसेल्फ टू द टास्क' या औपचारिक रचनेत, जिथे आपण स्वतःलाच कामाकडे वळवतो. नामाला 'टू' लागतो आणि क्रियापदाच्या थेट कर्माला लागत नाही, हाच खरा गोंधळ. ही दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहून ठेवा: 'ही अ‍ॅड्रेस्ट द नेशन', 'हिज अ‍ॅड्रेस टू द नेशन'.

दुसरी जागा 'वर'ची. 'या पत्त्यावर' म्हणतो म्हणून 'ऑन धिस अ‍ॅड्रेस' लिहितो. इंग्रजीत राहणं 'अ‍ॅट धिस अ‍ॅड्रेस' आणि पाठवणं 'टू धिस अ‍ॅड्रेस'.

उलट दिशेनेही गडबड होते. 'समस्येला संबोधित करणे' असं मराठी हल्ली वाचायला मिळतं. समस्येला कुणी संबोधत नाही. समस्येची दखल घेतात, ती हाती घेतात, तिच्यावर उपाय करतात. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द चिकटवण्याच्या सवयीने आपली मराठीही अशी आखडते, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक अर्थाला वेगळी, नैसर्गिक मराठी शोधणं हा शब्द शिकण्याचाच भाग समजा. सभेपुढे बोलली. पत्र माझ्या नावे होतं. मी तुम्हाला काय म्हणून हाक मारू? प्रश्नाकडे लक्ष दिलं. इंग्रजीत चारही ठिकाणी 'अ‍ॅड्रेस' चालतो.

सख्खे शेजारी वेगळे करा

'अ‍ॅड्रेस', 'सॉल्व', 'रिझॉल्व', 'टॅकल', 'हँडल', 'रेझ' हे सगळे 'प्रॉब्लेम'सोबत येतात. फरक कसा कळावा? मी एक सोपी कसोटी वापरतो. शब्द वापरायचा आणि त्यापुढे 'पण अजून सुटलेला नाही' हे जोडून पाहायचं.

'वी हॅव अ‍ॅड्रेस्ट द प्रॉब्लेम, बट इट इज नॉट सॉल्व्ड येट.' हे वाक्य नीट उभं राहतं. तिथेच 'वी हॅव सॉल्व्ड द प्रॉब्लेम, बट इट इज नॉट सॉल्व्ड येट' लिहा, वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. म्हणजे 'अ‍ॅड्रेस'मध्ये प्रश्न सुटल्याची हमी नाही. प्रश्नाकडे वळून त्यावर काही पाऊल उचललं, एवढीच ग्वाही आहे.

हे व्यवहारात फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीच्या ईमेलमधल्या 'युवर कन्सर्न हॅज बीन अ‍ॅड्रेस्ट' या वाक्याचा अर्थ 'तुमचं काम झालं' असा धरून गप्प बसलात तर पंचाईत होऊ शकते. त्यावर 'इज इट रिझॉल्व्ड?' असं विचारणं योग्य आहे. अहवाल लिहितानाही हा क्रम ध्यानात ठेवा: कुणीतरी प्रश्न 'रेझ' करतो म्हणजे उपस्थित करतो, मग तो 'अ‍ॅड्रेस' होतो, आणि शेवटी 'रिझॉल्व' होतो. 'टॅकल'मध्ये भिडण्याचा जोर आहे, 'हँडल'मध्ये सांभाळून नेण्याची छटा.

औपचारिकतेचा फरकही इथेच. 'अ‍ॅड्रेस द इश्यू' बैठकीत, अहवालात, बातमीत शोभतं. मित्राला गळका नळ दाखवताना 'कॅन यू अ‍ॅड्रेस धिस?' विचारलं तर तो चमकेल. तिथे 'फिक्स' बरा.

उच्चार आणि स्पेलिंग

यात थोडक्यात तीन गोष्टी. स्पेलिंगमध्ये 'डी' दोन आणि 'एस'ही दोन. ब्रिटिश उच्चारात नाम असो की क्रियापद, जोर 'ड्रेस'वर असतो आणि सुरुवातीचा 'अ' अगदी हलका. अमेरिकन उच्चारात पत्ता या अर्थी जोर अनेकदा पहिल्या 'अ‍ॅ'वर येतो. भूतकाळात शेवटी 'ईडी' लिहितात, पण उच्चार 'ड' नाही, 'ट' होतो. म्हणूनच या लेखात 'अ‍ॅड्रेस्ट' लिहिलं आहे. कोशाच्या ध्वनिफितीबरोबर पाच वेळा मोठ्याने म्हणा.

स्वतःची वाक्यं लिहा

इथपर्यंत शब्द समजला. तो वापरता येणं वेगळं. त्यासाठी किमान पाच वाक्यं लिहा, प्रत्येक वेगळ्या अर्थाचं, आणि सगळी तुमच्या खऱ्या आयुष्यातली. कामावरची एखादी अडचण, नुकतंच ऐकलेलं भाषण, तुमच्या नावे आलेलं पत्र, एखाद्या वरिष्ठांना काय म्हणून संबोधावं हा प्रश्न. 'द टीचर अ‍ॅड्रेस्ट द स्टूडंट्स' असं पुस्तकी वाक्य बरोबर असेल, पण ते कुणाचंच नसतं, म्हणून राहत नाही. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्य कॉर्पसमधल्या किंवा बातमीतल्या खऱ्या वाक्याशेजारी ठेवून पडताळा: कर्म थेट आलं का? 'टू' आगंतुक तर नाही? मग दोन दिवसांत एकदा तरी तो शब्द खऱ्या ईमेलमध्ये किंवा बोलण्यात आणा.

विसरण्याच्या आत परत या

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखवलं की शिकलेलं आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, पंधरा दिवसांनी, महिन्याने. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली यासाठी चिठ्ठ्यांच्या पेटीची पद्धत मांडली. आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा परत येते, न आठवलेली पहिल्या कप्प्यात मागे येते.

चिठ्ठीवर मात्र 'अ‍ॅड्रेस' आणि मागे 'पत्ता' लिहू नका, नाहीतर फिरून बरोबरच्या चिन्हाशी आलात. पुढच्या बाजूला मराठी प्रसंग लिहा: 'आम्ही हा प्रश्न हाती घेतला आहे, पण तो सुटलेला नाही.' मागे इंग्रजी वाक्य. किंवा पुढे गाळलेली जागा: 'हर अ‍ॅड्रेस ___ द नेशन'. आणि उजळणी म्हणजे वाचणं नव्हे. मागची बाजू झाकून आधी आठवायचं, अडलं तरी थोडं थांबायचं, मगच पाहायचं.

प्रत्येक शब्दाला इतका वेळ द्यायचा का?

नाही. एवढी मेहनत आठवड्याला दोन-तीन शब्दांवर करा. क्वचित भेटणारा, जड, साहित्यिक शब्द वाचताना कळला तरी पुरे, तो वापरता आलाच पाहिजे असं नाही. पूर्ण पान द्यावं ते अशा शब्दांना, जे सारखे भेटतात, जे 'येतात' असं वाटतं, पण एखाद्या वाक्यात अचानक अडवतात. नेमके हेच शब्द आपण कोशात बघत नाही. 'ऑब्झर्व' घ्या: निरीक्षण करतो तसा नियमही 'ऑब्झर्व' करतात, म्हणजे पाळतात. 'अ‍ॅप्रिशिएट' घ्या: कौतुक आहेच, पण 'आय अ‍ॅप्रिशिएट युवर डिफिकल्टी' मध्ये कौतुक नाही, जाण आहे, आणि जमिनीची किंमत 'अ‍ॅप्रिशिएट' होते तेव्हा ती वाढते.

पहिल्या पानासाठी 'इश्यू' सुचवतो. तो लॅटिनमधल्या 'बाहेर जाणं' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. एवढं चित्र घेऊन बसा आणि मासिकाचा 'इश्यू', 'इश्यू' केलेली नोटीस, चर्चेतला 'इश्यू', आणि जुन्या कायद्याच्या भाषेत अपत्य या अर्थाचा 'इश्यू' ही चारही वाक्यं त्याला जोडून पाहा. नामाला आणि क्रियापदाला कोणते शब्द शेजारी लागतात ते वीस वाक्यांतून टिपा, आणि 'इश्यू' व 'प्रॉब्लेम' यांना तुमची स्वतःची एखादी कसोटी लावून बघा.